‘सर्व स्थितीत’ म्हणजे किल्लारीतसुद्धा?

प्रश्न : माझं माहेर लातूर, सासर औसा तालुक्यातलं. सासरे आता ऐंशीच्या घरात आहेत. 1993च्या किल्लारीच्या भूकंपाच्या रात्री ते रानात जागलीला गेले होते, म्हणून वाचले. शेजारच्या दोन घरांत मात्र कोणीच उरलं नाही. तेव्हापासून दर 30 सप्टेंबरच्या आसपासच्या रविवारी ते चर्चमध्ये उपकारस्तुतीचं पाकीट देतात. यंदा माझ्या अकरावीतल्या मुलीनं पाळकसाहेबांना विचारलं, ‘‘आजोबांना देवानं वाचवलं, तर शेजारच्यांना का नाही वाचवलं? त्यांच्या नातेवाइकांनी कसले आभार मानायचे?’’ पाळकसाहेब म्हणाले, ‘‘सर्व स्थितीत उपकार मानावेत असं पौलानंच सांगितलंय.’’ ती गप्प बसली, पण तिला ते पटलेलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.
— एक वाचक भगिनी, लातूर

उत्तर : ताई, मुलीला आधी शाबासकी द्या. असा प्रश्न चर्चमध्ये विचारायचा नसतो, हे आपण मोठ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. शुभवर्तमानात तो प्रश्न आहे, आणि तो खुद्द येशूनंच काढलेला आहे.

लूकचा तेरावा अध्याय काढा. पिलातानं काही गालीलकरांना मारलं, ती बातमी घेऊन लोक येशूकडे येतात. तेव्हा येशू आपणहून दुसरी घटना काढतो. यरुशलेमात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं दबून मेली होती. ती अठरा माणसं गावातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती का, असं तो विचारतो आणि स्वतःच सांगतो की नव्हती. मग ऐकणाऱ्यांनाच दटावतो, की मेलेल्यांचा हिशेब सोडा आणि स्वतः पश्चात्ताप करा. बुरूज का पडला याचं आध्यात्मिक कारण मात्र तो देत नाही. किल्लारीला इतका जवळचा उतारा अख्ख्या बायबलमध्ये दुसरा नसेल. तरी तीस वर्षांत तो वाचून त्यावर संदेश दिलेला मी एकदाच ऐकला, तोही पाहुण्या पाळकांकडून.

‘शेजारची माणसं का गेली’ याची काही उत्तरं देवाला न विचारताही मिळतात. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली गावं गाढ झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. धक्का रिश्टर मापावर सहाच्या थोडा वरचा. जगात तेवढ्या धक्क्यानं एवढी माणसं सहसा मरत नाहीत. इथे मेली, कारण चिखलात रचलेल्या दगडांच्या हात-दीड हात जाड भिंती आणि वर माळवदाचा बोजा. उन्हाळ्यात गारवा देणारं घर त्या पहाटे अंगावर आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यातही हा भाग तेव्हा भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला, त्यामुळे कोणाच्या मनातही काही नव्हतं. नंतर 52 गावं नव्या जागी वसवली, घरांना भूकंपाचे पट्टे घालायला लोक शिकले. तुमचे सासरे रानात कोपीत किंवा उघड्यावर झोपले होते. त्यांच्या अंगावर पडायला माळवद नव्हतं. मुलीला हे सगळं जरूर सांगा. ‘देवाची इच्छा’ हे शब्द आपण कधीकधी गवंड्याचा आणि सरकारचा हिशेब टाळायलाही वापरतो.

आता पौल. थेस्सलनीकाकरांस लिहिलेलं पहिलं पत्र साधारण सन 50च्या आसपासचं, म्हणजे नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लेखनात मोडणारं. त्यातलं वाक्य मूळ ग्रीकमध्ये आणि आपल्या मराठीतही ‘स्थितीत’ असं आहे, ‘स्थितीबद्दल’ असं नाही. हा फरक पिठात मीठ किती एवढा बारीक वाटेल, पण भाकरी त्यावरच ठरते. तापात पेज प्यालो म्हणजे तापासाठी प्यालो असं होत नाही. भूकंपात आभार मानणं आणि भूकंपाबद्दल आभार मानणं या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी करायला पौल या ठिकाणी सांगत नाही. प्रामाणिकपणे एवढंही कबूल करायला हवं की इफिसकरांच्या पत्रात ‘सर्व गोष्टींबद्दल’ असा अर्थ निघणारं वाक्य आहे. भाष्यकार त्यावर बराच घाम गाळतात. मी त्याला त्याच अध्यायाच्या संदर्भात वाचतो : तिथे गीतं, भजनं, एकमेकांशी मनमोकळं बोलणं असा एकत्र जमल्याचा प्रसंग आहे, ढिगाऱ्याखालून प्रेतं काढण्याचा नाही. कोणाला हे वाचन सोयीचं वाटेल. वाटो.

पण माझा खरा आधार पौल नाही, शेवटची रात्र आहे. धरला जाण्याआधी येशू जेवायला बसला. भाकर घेतली, आभार मानले. प्याला घेतला, आभार मानले. चर्चच्या त्या विधीला आपण प्रभुभोजन म्हणतो, कॅथलिक मंडळी मिस्सा म्हणतात, आणि त्याचं जुनं ग्रीक नाव ‘युखारिस्त’ म्हणजे निव्वळ आभार मानणं. जेवण झालं, गीत गाऊन सगळे बाहेर पडले, गेथशेमाने बागेत गेले. तिथे तोच माणूस गुडघे टेकून विनवणी करतो, की हा प्याला माझ्यापुढून जाऊ दे. एकाच रात्रीत दोन प्याले आले. पहिल्याबद्दल त्यानं आभार मानले. दुसऱ्याबद्दल त्यानं आभार मानल्याचं कोणत्याही शुभवर्तमानात नाही. त्यानं तो घेतला, पण आधी नको म्हटलं. ज्या चर्चमध्ये दर महिन्याला पहिला प्याला फिरतो, तिथे दुसऱ्या प्याल्याबद्दल बोलायची मुभा का नसावी?

स्तोत्रसंहितेतली तिसऱ्या हिश्शाहून अधिक स्तोत्रं रडगाणी आहेत, आणि रडगाणं हा शब्द मी इथे मानानं वापरतोय. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक तिरीपसुद्धा नाही. ते ज्यांनी बायबलमधून काढून टाकलं नाही, त्या जुन्या यहुदी वडीलधाऱ्यांची मला फार कदर वाटते.

मग सासऱ्यांच्या पाकिटाचं काय? ते चुकीचं आहे असं मला वाटत नाही. आभार मानण्याचा एक वाईट नमुना बायबलमध्ये आहे, तो त्यांना लागू होतो का एवढंच तपासायचं. लूकच्याच अठराव्या अध्यायातला परुशी मंदिरात उभा राहतो आणि आपण इतरांसारखे, शेजारी उभ्या असलेल्या जकातदारासारखे नाही, याबद्दल देवाचे आभार मानतो. प्रार्थनेची भाषा शुद्ध, व्याकरण बिनचूक, आणि येशू म्हणतो की हा माणूस काही न मिळवता घरी गेला. ‘देवानं मला निवडून वाचवलं’ असं म्हणताना माणूस नकळत त्या परुशाच्या जागी जाऊन उभा राहतो, कारण बाजूच्या घराला आपोआप ‘न निवडलेलं’ अशी पाटी लागते. ‘मी वाचलो, आणि हे मी विसरलेलो नाही’ असं म्हणणं निराळं. माझा अंदाज, सासरे हे दुसरंच म्हणत असावेत. तीस वर्षं न चुकता पाकीट देणाऱ्या माणसाच्या मनात घमेंड कमी आणि ओझं जास्त असतं.

त्यांना एकदा निवांत बसवून विचारा की त्या सकाळी त्यांनी काय केलं. कोणाला बाहेर काढलं, कोणाचा हात हाती लागला आणि सुटला, पहिला चहा कोणी दिला, दूरदूरहून आलेल्या अनोळखी पोरांनी कोणत्या भिंती उकरल्या. बहुतेक त्यांनी हे घरात कधी सांगितलेलंच नसेल. त्या पिढीतल्या पुरुषांनी सांगितलेलं नाही. मुलीला लिहून घेऊ द्या. आणि पुढच्या सप्टेंबरात पाकिटावर त्यांच्या नावाखाली त्या दोन घरांतल्या माणसांची नावं लिहा. पाळकसाहेब वेदीवरून ती वाचतील. नाही वाचली, तर तुमची मुलगी उभं राहून वाचेल असं तिच्या प्रश्नावरून मला वाटतं.

अशा आठवणीचं पुढे काय होऊ शकतं, याचं आपल्या घरातलंच उदाहरण पंडिता रमाबाईंचं. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आई, वडील आणि बहीण गमावली. भाऊ आणि त्या तेवढ्या उरल्या आणि पायपीट करत राहिल्या. वीस-बावीस वर्षांनी, 1896-97मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्या मुलींमुळे वाढलं. आपण का उरलो, हे कोडं त्यांनी सोडवलं की नाही कोण जाणे. उपाशी पोरींना कुठे आणायचं, हे मात्र सोडवलं.

प्रश्न : मी नांदेडला शिकतो. मोबाइलवर सारखं येतं की रोज कृतज्ञतेची वही लिहा, सगळ्यांना थँक यू म्हणा, मग आयुष्य बदलतं. मी घरी आईला ‘धन्यवाद’ म्हणालो, तर ती म्हणाली, ‘‘बरं वाटत नाही का रे?’’ आपली माणसं कृतघ्न आहेत का?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : आई बरोबर आहे. तिच्या हातच्या भाकरीला ‘धन्यवाद’ म्हणणं म्हणजे बँकेच्या खिडकीतून पैसे घेताना बोलतो तसं बोलणं. आपल्याकडे जवळच्या माणसाचे आभार तोंडानं मानले की तो दूरचा होतो. आईला ‘आणखी अर्धी दे’ म्हणा, तिला पोचेल.

पण शब्दाचा प्रश्न चांगला आहे. मराठीत उपकार ‘फेडायचे’ असतात, उपकाराखाली माणूस ‘दबतो’, आणि ‘आभार’ या शब्दात ‘भार’ दडलेला दिसतोच. म्हणजे आपल्या भाषेत हे सगळं कर्जाच्या वहीसारखं. त्यात मराठवाडा निजामाच्या राज्यातला, म्हणून अजूनही आपल्याकडे म्हाताऱ्यांच्या तोंडी ‘मेहेरबानी’ असते. तुमच्या नांदेडात तर हजूर साहिबला शुकराना, मशिदीबाहेर शुक्र, आणि आमच्या चर्चमध्ये उपकारस्तुती. तीन दारं, आणि हजूर साहिबला तर आत बसून जेवणही. लंगरमध्ये मी अनेकदा जेवलोय. तिथे तुमचं नाव-गाव विचारून मग डाळ वाढत नाहीत.

मला यांतला आवडता शब्द मात्र ‘कृतज्ञ’. फोड करून बघा : कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. यात भावना कुठेही नाही, गदगदून येणं नाही. कोणी काय केलं हे ज्याला ठाऊक आहे, तो कृतज्ञ. एवढंच. आणि एवढंच फार अवघड आहे, कारण त्यासाठी चौकशी करावी लागते.

लातूरची 2016ची पाणीटंचाई आठवा. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावायची वेळ आली होती. एप्रिलच्या 12 तारखेला पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली : दहा वाघिणी, पाच लाख लिटर, पाणी कृष्णेचं, भरलेलं मिरजेला. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. आमच्या आधीच्या ख्रिस्ती पिढीला मिरज म्हटलं की डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894मध्ये सुरू केलेला मिशन दवाखाना आठवायचा. दुखणं हाताबाहेर गेलं की ‘मिरजेला न्या’ म्हणायचे. आमच्या पिढीला मिरजेनं पाणी पाजलं. त्या वर्षी चर्चमध्ये पावसासाठी किती प्रार्थना झाल्या आणि पाऊस आल्यावर किती आभार, हे मला आठवतं. मिरज स्टेशनवर रात्री पाईप जोडणाऱ्या माणसांसाठी एकही प्रार्थना आठवत नाही. देवाचे आभार मानताना मधल्या माणसांवरून उडी मारून जायची आपल्याला सवय लागली आहे. ती सवय धार्मिक दिसते म्हणून कोणी हटकतही नाही.

वहीचं म्हणाल, तर ते अगदीच थोतांड नाही. 2003मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक अभ्यास छापला. काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, दर आठवड्याला, आभार मानावेत अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या. काहींनी कटकटी लिहिल्या. पहिल्यांना आपलं आयुष्य जरा बरं वाटलं. जरा बरं, यापेक्षा जास्त दावा करू नये. लिहायचं असेल तर आठवड्यातून एकदा लिहा, आणि गोष्टी नको, माणसं लिहा. ‘पाणी’ असं न लिहिता कोणी सोडलं ते लिहा. ‘जेवण’ असं न लिहिता ज्वारी कोणी खुरपली ते शोधा. दोन आठवड्यांत कळेल की आपल्याला जवळपास कोणाचंच नाव माहीत नाही.

माझी आज्जी नांदेडला वजिराबादेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. वही वगैरे नाही, तिला लिहिताच येत नव्हतं. रात्री घरच्या उपासनेत ती नावं घ्यायची : गिरणीवाला, दळण लवकर दिलं म्हणून, रिक्षावाला, पावसात थांबला म्हणून, औषधवाला, उधारीवर गोळ्या दिल्या म्हणून. आम्ही पोरं पेंगायचो. एकदा तिनं घरमालकाचं नाव घेतलं. त्यानं त्याच आठवड्यात भाडं वाढवलं होतं. काकांनी प्रार्थनेतच डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. आज्जी डोळे मिटूनच म्हणाली, ‘‘नळ दुरुस्त केलाय त्यानं. भाड्याचं मी देवाला येगळं सांगितलंय.’’

बायबल शिकवायला मला पुढे बरेच विद्वान भेटले. पण आभार एका खात्यात आणि तक्रार दुसऱ्या खात्यात, आणि दोन्ही खाती चालू, ही व्यवस्था इतक्या थोडक्यात मला कोणी समजावून दिली नाही.

दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट तुम्ही संडेस्कूलमध्ये ऐकली असेल. दहा बरे झाले, एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे परका. आपण नेहमी नऊ जणांना नावं ठेवतो. पण ते नऊ जण सांगितल्याप्रमाणे याजकाकडेच निघाले होते. चुकीचं असं त्यांनी काही केलं नव्हतं. दहावा तेवढा वाटेत वळला. त्यानं कोणी बरं केलं ते ओळखलं, आणि उलटं चालून आला. मला ती गोष्ट त्या उलट चालण्याची वाटते. आज संध्याकाळी आईला धन्यवाद म्हणू नका, भांडी घासा.

प्रश्न : कापणीच्या सणाला आमच्या चर्चमध्ये लिलाव होतो. बाजारात वीस रुपयाला मिळणारा दुधी भोपळा तिथे पाचशेला जातो. हा आभार आहे की बडेजाव?
— एक वाचक, औसा रोड, लातूर

उत्तर : दोन्ही. बडेजाव करणारा माणूस पाचशे रुपये देतोय, तोवर मी त्याच्या हेतूत शिरत नाही.

पण या सणाचं मूळ बघण्यासारखं आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात शेतकऱ्यानं पहिल्या पिकाची टोपली घेऊन याजकापुढे उभं राहायचं असतं. टोपली ठेवताना तो ‘धन्यवाद’ म्हणत नाही. तो आपल्या घराण्याची कहाणी सांगतो : आमचा बाप भटका होता, मिसरात गेला, तिथे आम्हाला राबवलं, आम्ही ओरडलो, आम्हाला सोडवलं, या जमिनीवर आणलं. आणि अध्यायात पुढे हेही आहे की त्या आनंदात लेवी आणि परका दोघांनीही सामील व्हायचं. तुमच्या चर्चमध्ये भोपळा ठेवणाऱ्यानं दोन वाक्यं बोलावीत अशी पद्धत सुरू करून पाहा. ‘2025च्या अतिवृष्टीत सोयाबीन गेलं, बांधावरचा हा एक वेल राहिला’ असं कोणी बोललं, तर बोली कुठे जाईल सांगता येत नाही. पीक गेल्याचं वेदीपुढे सांगता आलं तर तो कापणीचा सणच.

आणि गंमत म्हणून : आपल्या भागात रानात जेवायची वेळ अमावास्या, म्हणजे येळवस, बहुतेक वर्षी नाताळाच्या मागेपुढे येते. 2019मध्ये मार्गशीर्षातली अमावास्या 26 डिसेंबरला होती आणि वर कंकणाकृती सूर्यग्रहणही. येळवशीला शेजारच्या हिंदू कुटुंबांच्या रानात आंबील आणि भज्जी खायला जाणारे ख्रिस्ती मला पुष्कळ माहीत आहेत, आणि नाताळचा फराळ त्या रानात पोचवणारेही. धर्मशास्त्राचा प्रश्न काढायचा असेल तर आंबील संपल्यावर काढावा.

भोपळ्याचं राहिलंच. आमच्याकडे पहिला घेणारा तो पुन्हा टेबलावर ठेवतो, दुसरा घेऊन पुन्हा ठेवतो, आणि चारदा विकून झाल्यावर तो चर्च झाडणाऱ्या मावशींच्या घरी जातो. मागच्या वर्षी मावशी म्हणाल्या, पुढच्या खेपेला कोंबडी चारदा फिरवा, भोपळा नको.